कॉपी गिटार, कडक ऊन आणि तुमचे प्रश्न

दोन अंकांपूर्वी मी सहज लिहून गेलो की माझी रोजची गिटार म्हणजे फेंडर या अमेरिकन कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर या इलेक्ट्रिक गिटारची (थोडक्यात स्ट्रॅट) स्वस्तातली कॉपी आहे, 2009 साली 6 हजारात सेकंडहँड घेतलेली, आणि ती विकायचा माझा अजिबात विचार नाही. एवढ्याशा वाक्यावर प्रश्नांचा असा ढीग आला की बाकीचे विषय बाजूला ठेवून हा अंक त्यालाच देतोय. सगळे प्रश्न घेता आले नाहीत, राग नसावा.

सर नमस्कार, मी जुळे सोलापुरात राहतो, कॉलेजला आहे. सुट्टीत काम करून 14 हजार साठवले आणि ऑनलाइन स्ट्रॅट टाइप गिटार मागवली. आमच्या ग्रुपमधले दोघं सारखं डुप्लिकेट डुप्लिकेट म्हणून चिडवायलेत, म्हणतात दोन वर्षं थांबून ओरिजिनल घ्यायची होतीस. मी चूक केली का? आणि असली कॉपी विकणं कायद्यात बसतं का?

अरे चूक कसली. त्या दोघांकडे स्वतःची ओरिजिनल आहे का एवढंच विचार, बहुतेक विषय तिथंच मिटेल.

आधी शब्दांचा घोळ काढू. डुप्लिकेट म्हणजे ज्याच्यावर दुसऱ्या कंपनीचं नाव खोटं छापून विकतात ते, जत्रेतल्या ब्रँडेड गॉगलसारखं. कॉपी म्हणजे आकार तोच, रचना तीच, पण डोक्यावर स्वतःचं नाव. आणि ते चालतं. फेंडरनं अमेरिकेत स्ट्रॅट, त्यांचीच दुसरी गिटार टेलिकास्टर आणि त्यांच्या बेस गिटारच्या बॉडीचा आकार आमचा ट्रेडमार्क म्हणून नोंदवा असा अर्ज केला होता, 2009 मध्ये तिथल्या ट्रेडमार्क बोर्डानं तो फेटाळला, कारण तोवर इतक्या कंपन्या इतकी वर्षं तो आकार बनवत होत्या की तो बघून एकाच कंपनीचं नाव डोळ्यासमोर येईल असं राहिलंच नव्हतं. हेडस्टॉकचा, म्हणजे चाव्या असतात त्या डोक्याचा, आकार मात्र त्यांचा नोंदलेला आहे. म्हणून तुझ्या गिटारचं अंग स्ट्रॅटचं आणि डोकं भलतंच आहे, बघ जाऊन.

आणि खरं सांगू का, ही गिटार कॉपी व्हावी अशीच बनवलेली होती. लिओ फेंडर मूळचा कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस, त्याला स्वतःला गिटार वाजवता यायची नाही, पण बिघडलेली वस्तू उघडताना काय वैताग येतो ते त्याला पक्कं ठाऊक. 1954 मध्ये स्ट्रॅट आली तेव्हा तिची मान सरसानं चिकटवलेली नव्हती, 4 स्क्रूंनी बसवलेली होती, आणि पिकअप (तारांचा कंप पकडणारी चुंबकं), व्हॉल्यूम, टोन, स्विच सगळं एका प्लास्टिकच्या पट्टीवर, स्क्रू काढले की अख्खा संसार हातात येतो. जी वस्तू सहज उघडते ती सहज दुसऱ्याला बनवतापण येते. सत्तरच्या दशकात जपान्यांनी इतक्या चांगल्या कॉपी काढल्या की अमेरिकेतल्या कंपन्यांना घाम फुटला. गिब्सन या दुसऱ्या अमेरिकन गिटार कंपनीच्या मालकांनी 1977 मध्ये आयबानेझ या जपानी ब्रँडच्या अमेरिकेतल्या वितरकावर हेडस्टॉकच्या आकारावरून दावा ठोकला, पुढं तडजोड झाली. फेंडरनं वेगळीच शक्कल काढली, 1982 पासून जपानमध्येच माल बनवून घ्यायला सुरुवात केली आणि स्क्वायर हे नाव बाजारात आणलं, म्हणजे आपली कॉपी आपणच काढली. आज त्याच नावावर निम्मी दुनिया गिटार शिकते.

तुझ्या मित्रांना अमेरिकन पॉपस्टार प्रिन्सचं नाव सांग. कारकीर्दभर त्यानं जी गिटार सगळ्यात जास्त गळ्यात अडकवली ती जपानमध्ये बनलेली, होनरच्या नावाची, टेलिकास्टरच्या वळणाची होती. होनर म्हणजे तीच जर्मन माउथ ऑर्गनवाली कंपनी. आणि ओरिजिनल ओरिजिनल काय करतात, पिंक फ्लॉइड या रॉक बँडच्या डेव्हिड गिल्मूरची काळी स्ट्रॅट 2019 च्या लिलावात 39 लाख 75 हजार डॉलरला गेली, तिची मान, पिकअप, स्विच इतक्या वेळा बदललेलं होतं की मूळची किती उरली हा वादाचा विषय व्हावा.

राहिला दोन वर्षं थांबायचा मुद्दा. अमेरिकेत बनलेली नवीन स्ट्रॅट आपल्याकडं दीड-दोन लाखांच्या पुढं जाते. सुट्टीतल्या पगारावर तुला दोन नाही, दहा-पंधरा वर्षं थांबावं लागलं असतं आणि तोवर बोटं कोरीच.

आता जिथं तुझी गिटार खरंच कमी आहे तिथं येतो, कारण कमी आहेच. बॉडीचं लाकूड कोणतं यावर लोक रात्र रात्र भांडतात, मी त्यात पडत नाही, इलेक्ट्रिकमध्ये त्यानं पडला तर थोडाफार फरक पडतो आणि 14 हजाराच्या गिटारमध्ये तो शोधत बसायची गरज नाही. कंपनी पैसे वाचवते ते फ्रेट (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) घासून गुळगुळीत करण्यात, नटच्या (मानेच्या टोकाशी तारा ज्यातून जातात ती पट्टी) खाचा कापण्यात, ब्रिजच्या (बॉडीवर तारा जिथं बसतात तो भाग) खालच्या धातूच्या ठोकळ्यात (जुन्या स्ट्रॅटमध्ये तो पोलादी आणि जाडजूड असतो, स्वस्तातल्यांमध्ये जस्ताच्या मिश्रणाचा आणि पातळ), आणि व्हॉल्यूमच्या पॉटमध्ये, म्हणजे बटणाखालच्या फिरत्या भागात, जो सहा महिन्यात खरखरायला लागतो. यातलं बरंचसं माणसाच्या हाताचं काम आहे, आणि ते काम तू नंतर करून घेऊ शकतोस. नवीन तारा टाक, 9 नंबरचा (बारीक तारांचा) सेट, आणि कुणाकडून तरी नीट सेटअप, म्हणजे मान आणि तारांची उंची जुळवणं, करून घे. मी माझी पहिल्यांदा पुण्याला नेली होती, सकाळच्या हुतात्मानं गेलो रात्री परत, त्या माणसानं दोन तासात अशी करून दिली की परतीच्या गाडीत मी न जोडता तशीच वाजवत बसलो आणि समोरच्या आजींनी मला शेंगाचटणी-भाकरी दिली, बहुतेक दया येऊन.

दादा, माझी गिटार दिवाळीत घेतली तेव्हा मस्त होती, आता एप्रिलमध्ये मान धरून हात वरखाली केला की कडेला करवतीसारखं टोचतंय, एकदा बोट कापलंपण. दुकानदार म्हणतो तुमच्या हाताळण्यानं झालं. गिटार खराब निघाली का? मानेवरच्या, बोटं टेकवतो त्या फळीवर लॉरेल लाकूड आहे असं खोक्यावर लिहिलंय. – सात रस्ता

खराब नाही निघाली, सोलापुरात आली एवढंच. हे सगळ्यांचंच होतं. लाकूड वाळलं की रुंदीला आकसतं आणि फ्रेट धातूचे, ते आहे तेवढेच राहतात, म्हणून त्यांची टोकं दोन्ही कडेनं बाहेर येतात. कारखाना कुठल्यातरी दमट गावात, आणि आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये पारा 42-43 आणि हवा अशी कोरडी की धुतलेली चादर तासात कडक. महाग गिटारमध्ये लाकूड जास्त मुरवलेलं असतं आणि टोकं गोल घासलेली असतात त्यामुळं कमी जाणवतं.

तुमचं लॉरेल म्हणजे बहुतेक इंडियन लॉरेल, आणि ते दुसरंतिसरं काही नाही, आपला ऐन. हो, सह्याद्रीतला, मगरीच्या पाठीसारखी साल असलेला. पूर्वी ही फळी शिसवीच्या जातकुळीतल्या लाकडाची असायची, 2017 मध्ये त्या सगळ्या लाकडांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कागदपत्रांचं बंधन आलं, वाद्यांना त्यातून सूट मिळाली 2019 च्या शेवटी, तोपर्यंत बऱ्याच कंपन्या ऐनाकडं वळल्या होत्या. लाकूड चांगलं आहे, पण तहानलेलं असतं.

तर काय करायचं. टोकं घासायची असतील तर आत्ता, उन्हाळ्यातच घासा. आत्ता लाकूड सगळ्यात जास्त आकसलेलं आहे, आत्ता जेवढं बाहेर आलंय त्यापेक्षा जास्त पुढं कधी येणार नाही. पावसाळ्यात घासलंत तर पुढच्या मेमध्ये परत तेच. फळीच्या कडेला कागदी चिकटपट्टी लावा, एकदम बारीक दाताची सपाट कानस घ्या, मानेच्या लांबीला समांतर धरून हलक्या हातानं फिरवा, जोर लावायचा नाही, फक्त कानसेचं वजन. पाच-सहा हात मारले की अंगठा फिरवून बघा. पहिल्यांदा कर्रकर्र आवाज येतो, मग तो सुळसुळीत होत जातो, तो बदलला की थांबायचं, कारण आता लाकडाला लागायला लागली. मग कानस थोडी तिरकी धरून प्रत्येक टोकाची धार मोडायची, एकेका टोकाला दोन-तीन हात. शेवटी 1000 नंबरचा पॉलिश पेपर. मी पहिल्यांदा केलं तेव्हा रेडिओ लावून बसलो होतो, दुपारी दोन वाजता सुरुवात केली आणि चहाची वेळ निघून गेली तरी चाललंच होतं, कंटाळवाणं काम आहे पण एकदाच करायचं आहे. नंतर फळीला लेमन ऑइलचा हात द्या, दोन थेंब फडक्यावर, तेलात बुडवून ठेवायची नाही ती. फिकट रंगाची, वरून लॅकर मारलेली मेपलची फळी असेल तर तेल बिलकुल लावू नका.

आणि कूलरसमोर गिटार ठेवू नका!! हे मी स्वतः केलंय. कूलरचा ओला वारा रात्रभर आणि दिवसा लाइट गेली की भट्टी, मानेनं चार दिवसात वळण बदललं आणि तारांना गंज. केसमध्ये ठेवा, केस कपाटात ठेवा. पार्क केलेल्या गाडीत तर पाच मिनिटंसुद्धा नको.

आमच्या घराखाली कारखाना आहे, 8 माग चालतात. गिटार अँपला लावली की हूं हूं असा आवाज, मागांची खटखट वेगळीच. कधीकधी तारांना हात लावला की बारीक शॉक बसतो. गिटार कॉपी आहे म्हणून का? – भवानी पेठ

शॉक बसतोय तर आधी वाजवणं थांबवा, अँप बंद करा आणि वायरमन बोलवा, बाकीचं नंतर वाचा. खरंच. घराचं अर्थिंग नाही किंवा तुटलंय, नाहीतर अँपमध्येच दोष आहे, दोन्ही तपासून घ्या. गिटारच्या तारा आतून एका वायरनं अर्थला जोडलेल्या असतात, म्हणजे अर्थमध्ये जे काय येईल ते थेट तुमच्या बोटात. पेठेतल्या जुन्या घरांत तीन पिनांचा सॉकेट असतो पण तिसऱ्या भोकाच्या मागं कधीकधी वायरच नसते. अँपच्या प्लगची मोठी पिन काढून टाका असा सल्ला कुणी दिला तर त्याचं काहीच ऐकू नका.

आता हूं हूं. त्याचा कॉपीशी संबंध कमी आहे. स्ट्रॅटची पिकअप सिंगल कॉइल, म्हणजे चुंबकाभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, ती तारांचा कंप जसा पकडते तसाच आसपासच्या मोटारी, ट्यूबलाइट, ट्रान्सफॉर्मर यांचा 50 हर्ट्झचा गुरगुराटपण पकडते. दोन लाखाची ओरिजिनलसुद्धा तुमच्या घरात गुरगुरेल. यावरचा उपाय गिब्सनच्या सेथ लव्हर या इंजिनियरनं पन्नासच्या दशकात काढला, दोन कॉइल उलट-सुलट जोडायच्या म्हणजे गुरगुर एकमेकीला खाते आणि सूर राहतो, हम मारणारी म्हणून नाव हमबकर. तुमच्या गिटारमध्येपण थोडी सोय असू शकते, 5 घरांचा स्विच दुसऱ्या किंवा चौथ्या घरात टाकून बघा, बऱ्याच गिटारमध्ये मधलं पिकअप उलटं गुंडाळलेलं असतं आणि त्या दोन घरांत आवाज एकदम शांत होतो.

अजून एक चाचणी, पण वायरमन येऊन गेल्यावरच. तारांना हात लावल्यावर गुरगुर कमी झाली तर आतलं वायरिंग ठीक आहे. हात लावून काहीच फरक पडत नसेल तर ब्रिजखालची अर्थची वायर निसटलीय. माझी निसटली होती तेव्हा मला आमच्या भागातल्या बेंजो पार्टीतल्या मामांनी सोल्डर करून दिली. ही मंडळी आपल्या बेंजोला स्वतः पिकअप बसवतात, त्यांना यातलं सगळं कळतं. त्या प्लास्टिकच्या पट्टीखालच्या पोकळीला तांब्याची चिकटपट्टी लावून ती अर्थला जोडली तर ट्यूबलाइट वगैरेची चिरचिर बरीच जाते, मूळ गुरगुर थोडी राहते. मागांच्या खटखटीला माझ्याकडं उपाय नाही, तिच्यावरच ताल धरा.

चाव्या ढिल्या आहेत, ब्रिजला लावलेलं हँडल दाबलं की सगळे सूर पडतात. नवीन चाव्या टाकू का?

थांबा. दहातल्या आठ वेळा चाव्यांचा दोष नसतो. तार नटच्या खाचेत अडकते आणि हँडल सोडल्यावर मूळ जागी येत नाही, ट्यून करताना टिक् असा आवाज येतो तो त्याचाच. तारा एकेक सैल करून खाचेत शिसपेन्सिल घासा, पोरांची साधी पेन्सिल चालते. नवीन तारा टाकल्यावर प्रत्येक तार हातानं ओढून ताणून घ्या, परत जुळवा, परत ओढा, खाली यायची थांबेपर्यंत. खुंटीवर दोन-तीन वेढे पुरेत, लोक साडीला पीको केल्यासारखे गुंडाळतात.

तरी पडत असेल तर माझं ऐका, हँडलच काढून ठेवा. मागचं झाकण उघडलं की स्प्रिंग दिसतील, बहुतेक 3, ज्या पट्टीला त्या अडकवल्यात तिचे दोन स्क्रू आवळत न्या म्हणजे ब्रिज बॉडीला चिकटून बसतो आणि हलतच नाही. हे करून झाल्यावर सूर परत जुळवा. प्रसिद्ध इंग्लिश गिटारवादक एरिक क्लॅप्टननंसुद्धा आपल्या काळ्या स्ट्रॅटचा ब्रिज असाच घट्ट करून टाकला होता. ती गिटारपण त्यानं 1970 मध्ये अमेरिकेत घेतलेल्या जुन्या स्ट्रॅट्सचे चांगले चांगले भाग काढून जोडलेली होती.

जाड तार वाजवली की झणझणते. वडील सतार वाजवायचे, ते म्हणतात यात जवारी आहे, चांगलंच आहे की.

वडिलांना नमस्कार सांगा. मिरजेचा कारागीर जी झणझण आणायला तंबोऱ्याची घोडी तासन् तास घासतो तीच घालवायला गिटारवाला पैसे मोजतो. नुसती गिटार वाजवताना थोडी झणझण येते आणि अँपमधून ऐकू येत नाही, असं असेल तर सोडून द्या. अँपमधूनपण येत असेल तर मान बघा. जाड तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबून धरा आणि मध्ये, सातव्या-आठव्या फ्रेटपाशी, तार आणि फ्रेट यात जाड कागद जाईल एवढी फट आहे का पाहा. फटच नसेल तर मान मागं वाकलीय, उन्हाळ्यात हेच होतं. मानेतली सळई, ट्रस रॉड, अॅलन कीनं डाव्या हाताला म्हणजे घड्याळाच्या उलट पाव आटा सैल करा, जुळवा, दुसऱ्या दिवशी परत बघा. पाव आटा म्हणजे पाव. मी एकदा जोशात पूर्ण आटा उलट्या बाजूला आवळला होता, आतून कट् असा आवाज आला आणि माझ्या पोटात गोळा. सुदैवानं सळई शाबूत होती. मान ठीक असेल तर तारांची उंची बघा, बाराव्या फ्रेटवर पावणेदोन ते दोन मिलिमीटर ठेवा, त्याखाली गेलात तर जवारी पक्की.

लेस पॉलची कॉपी घेऊ की स्ट्रॅटची?

बजेट 20 हजाराच्या आत असेल तर स्ट्रॅट किंवा टेली. लेस पॉल ही 1952 ची गिब्सनची गिटार, मान चिकटवलेली, वरचा भाग कोरून फुगीर केलेला, डोकं मागं कललेलं, म्हणजे मेहनत जास्त, आणि मेहनत कमी केली की ती लगेच दिसते. शिवाय एकदा तोंडावर पडली की डोक्यापाशी मोडते. पण जड आवाजाचं संगीत वाजवायचं असेल आणि भवानी पेठेत राहत असाल तर हमबकरवालीच घ्या.

एक जण ओरिजिनल अमेरिकन स्ट्रॅट 25 हजारात देतोय, डोक्यावर नावपण आहे. घेऊ का?

तुम्हीच सांगा, कुणी का देईल? वर ज्याला डुप्लिकेट म्हटलं ते हेच. वाजायला ती वरच्या जुळे सोलापूरवाल्या मित्राच्या 14 हजाराच्या कॉपीएवढीच वाजेल, जास्तीचे 11 हजार त्या स्टिकरचे. घ्यायचीच झाली तर कॉपीच्या किमतीत मागा, तो काय म्हणतो बघा. सेकंडहँड घेताना मान बंदुकीच्या नळीसारखी डोळ्यासमोर धरून पीळ आहे का बघायचं, प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट वाजवायचा, तारा सैल करून ट्रस रॉड हलतो का तपासायचं. एवढं करू न देणाऱ्याकडून काहीच घेऊ नका.

मुलगा बारावीत आहे, इलेक्ट्रिक गिटारसाठी हट्ट धरून बसलाय. अभ्यासाचं काय? – एक आई, होटगी रोड

ताई, अभ्यासाचं मी काय सांगणार, मी स्वतः बारावीला दोनदा बसलो. पण एक सांगतो, इलेक्ट्रिक गिटार अँपशिवाय जवळजवळ ऐकूच येत नाही, हेडफोन लावून वाजवली तर शेजारच्या खोलीतपण कळणार नाही. अॅकॉस्टिक आणली तर अख्ख्या गल्लीला कळेल. परीक्षा झाल्यावर घेऊन द्या, 10 वॉटचा छोटा अँप पुरे, हेडफोनचं भोक आहे ना तेवढं बघा.

रंग कोणता घ्यावा?

आवडेल तो. माझी लाल आहे, कारण 2009 मध्ये त्या माणसाकडं लालच होती.